छानक, हौशी रेडिओतील ध्वनी

हौशी रेडिओच्या प्रेषक-ग्राहीतील ज्या परिपथातून बोलण्यास आवश्यक तेवढाच कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांचा) पट्टा पुढे जातो व बाकीचा अडविला जातो, त्यास ध्वनिछानक किंवा रूढ भाषेत फिल्टर म्हणतात. त्याची रुंदी शेजारच्या केंद्रांची गर्दी, गोंगाट आणि बोलली जाणारी भाषा पाहून ठरवावी लागते.

अर्थबोधास लागणारे बरेचसे बोलणे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झमध्ये सामावते. दूरध्वनीचा मार्गही याच मर्यादांत आखलेला आहे. एकपार्श्वपट्ट पद्धतीत वाहक तरंग व दुसरा पार्श्वपट्ट गाळलेला असल्याने २.४ ते २.७ किलोहर्ट्‌झ रुंदी पुरते. परमप्रसर विरूपणास सुमारे ६ किलोहर्ट्‌झ लागतात.

छानक २.४ वरून १.८ किलोहर्ट्‌झवर आणल्यास सर्वत्र सारखा पसरलेला गोंगाट जेमतेम सव्वा डेसिबेलने घटतो. खरा लाभ शेजारचे केंद्र तुटण्यात असतो व त्यासाठी छानकाच्या कडांचा उतारही तीव्र असावा लागतो.

या लाभाची किंमत व्यंजनांना मोजावी लागते. ‘स’ची ऊर्जा मुख्यतः ४ किलोहर्ट्‌झच्या वर असल्याने ती रूढ छानकांतून जातच नाही, ‘सहा’ व ‘दहा’ यांत घोटाळा होण्याचे हे एक कारण होय. ‘श’ची ऊर्जा २ ते ३ किलोहर्ट्‌झपासून सुरू होते, ती २.७ किलोहर्ट्‌झच्या छानकातून अंशतः येते, १.८ च्या छानकातून जवळजवळ नाही. ‘ल’ व ‘ळ’, ‘न’ व ‘ण’ यांतील भेदाचा काही भागही याच कडेवर असतो. भोकरदन तालुक्यातील (जि. जालना) पिंपळगाव रेणुकाई हे नाव अरुंद छानकातून ऐकल्यास ‘पिंपळगाव’ एवढे बहुधा ओळखू येते, आणि धोका तेथेच आहे, कारण पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात आहे. पूरग्रस्तांसाठीचा निरोप दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊ नये म्हणून अशा वेळी, शेजारचे केंद्र आड येत नसल्यास, छानक रुंद ठेवावा, उत्तरपद अक्षरे सुटी करून सांगावे आणि तालुका व जिल्हा जोडावा.

प्रेषणात मात्र एवढी मोकळीक नसते. रुंद छानकाने आवाज भरदार वाटला, तरी तो शेजाऱ्याची जागा खातो.

अंकीय संस्करण असलेल्या यंत्रांत छानकाच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या सरकविता येतात. ७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात अधःपार्श्वपट्ट वापरतात. तेथे खालच्या कंप्रतेवरील शेजारी उंच स्वरात ऐकू येतो. त्यास हटविण्यासाठी केवळ वरची कड, तीही गरजेपुरतीच, खाली आणावी लागते.