क्रूड म्हणजे डिझेल नव्हे

मांडवगण फराट्यासारख्या भीमाकाठच्या गावांत जुनी माणसे पाण्याच्या इंजिनात घालायच्या डिझेललाच 'क्रूड' म्हणत. पण खरे क्रूड म्हणजे जमिनीतून निघालेले काळपट, अशुद्ध खनिज तेल. डिझेल हे त्याच्या अनेक लेकरांपैकी एक.

कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले बारीक जीव मरून तळच्या गाळात गाडले गेले. वर थर चढत गेले आणि दाब व उष्णता यांनी त्यांचे तेल व वायू झाले. दलदलीतल्या झाडझाडोऱ्याचा याच रीतीने दगडी कोळसा झाला. म्हणजे तेल, वायू आणि कोळसा ही भावंडेच. तेलाचे जमिनीत तळे नसते. मुरमात पाणी मुरावे, तसे ते खडकाच्या छिद्रांत असते.

मग आपल्या विहिरीला तेल का लागत नाही? आपला काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा. तेल साठते ते बहुधा गाळाच्या खडकात. असा खडक मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राखाली आहे. तेथे 'बॉम्बे हाय' येथे १९७४ साली 'सागर सम्राट' या फलाटावरून तेलाचा शोध लागला. १९७६ पासून ते निघू लागले.

शुद्धीकरण कारखान्यात क्रूड तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलक्या वाफा वर चढतात, जड भाग खाली राहतो. वरून गॅस, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि तळाशी रस्त्याचे डांबर. मेणबत्तीचे मेणही त्यातलेच. शेंगदाण्या-करडईचे गोडे तेल मात्र या घराण्यातले नव्हे. ते बियांतले अन्न आहे.

भावंडे असली, तरी स्वभाव निराळे. पेट्रोलची वाफ साध्या हवेतही उठते आणि ठिणगीने भडकते. म्हणून स्टोव्हमध्ये किंवा कंदिलात चुकूनही पेट्रोल घालू नका, पेट्रोलच्या कॅनमध्ये रॉकेल भरू नका. पाण्याच्या बाटलीत तर यातले काहीच ठेवू नका. मुलाने चुकून घोट घेतलाच, तर त्याला उलटी करवू नका, कारण तेल फुप्फुसात जाते. मुलाला तडक दवाखान्यात न्या.

प्रत्येकाचा डबा वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक नाव घाला. एवढ्याने घरावरची मोठी आपत्ती टळते.