खिशातला कॅमेरा आणि उजेडाचा हिशेब

हौसेने फोटो काढणाऱ्याला मोठा कॅमेरा सगळीकडे नेता येत नाही. लग्नाच्या मांडवात तो शोभतो. पण आठवडी बाजारात किंवा नातेवाइकांच्या ओसरीवर तो बाहेर काढला की माणसे सावरून बसतात, चेहरे ताठ होतात. अशा हौशी लोकांसाठी कंपन्यांनी एक मधला वर्ग तयार केला. खिशात किंवा शबनममध्ये मावणारा, पण शटरचा वेग, लेन्सचे तोंड, फोकस हे सारे हाताने ठरवू देणारा कॅमेरा. साध्या छोट्या कॅमेऱ्यांना मोबाइलने बाजारातून जवळजवळ हुसकावले, हा वर्ग मात्र टिकला. यातले जुने कॅमेरे आता वापरलेल्या मालातही मिळतात. नवा घ्या की जुना, पैसे बरेच जातात. म्हणून निवडताना काय पाहायचे, ते समजून घेऊ.

दुकानात पहिला प्रश्न हमखास मेगापिक्सेलचा असतो. त्याचे उत्तर कॅननने स्वतःच दिले आहे. २००८ साली या कंपनीचा जी१० आला. त्यात १ कोटी ४७ लाख बिंदू होते. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, जी११ आला आणि बिंदू १ कोटीवर उतरले! सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चकतीचा, आकार तोच. मग कंपनीने आकडा खाली का आणला? पागोळ्यांखाली एका परातीएवढ्या जागेत चार भांडी ठेवली काय किंवा चाळीस वाट्या ठेवल्या काय, पाणी तेवढेच पडणार. प्रत्येक वाटीत मात्र थोडेच साचणार. कमी उजेडात या वाट्या जवळजवळ कोरड्या राहतात, आणि फोटोत रंगीत दाणे उठतात. शेरात शब्द कोंबले म्हणून अर्थ वाढत नाही, तसेच हे.

तेव्हा विचारायचे ते परातीचे माप. जी१० आणि जी११ यांच्या सेन्सरचे क्षेत्रफळ साधारण ४३ चौरस मिलिमीटर. २०१२ साली आलेल्या सोनीच्या आरएक्स१०० मध्ये ते ११६ होते, आणि तरी कॅमेऱ्याचे वजन अवघे २४० ग्रॅम. फुजीफिल्मचा एक्स१०० (२०११) आणि रिकोचा जीआर (२०१३) यांच्यात ते साधारण ३७० आहे, म्हणजे जी११ च्या आठपटींहून जास्त. इथे एक मजा सांगतो. आरएक्स१०० चा सेन्सर ‘एक इंची’ म्हणून विकला जातो. पट्टी लावली तर त्याचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आले. नळ्या गेल्या, इंच राहिला. तेव्हा इंचावर विसंबू नका, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा.

पण परात मोठी असून भागत नाही, छपराचे तोंडही रुंद हवे. ते तोंड म्हणजे लेन्स. तिच्यावर एफ/१.८, एफ/२.८ असे आकडे असतात. आकडा लहान तेवढे तोंड मोठे. झूमच्या लेन्सवर असे दोन आकडे असतात आणि ग्राहक पहिलाच वाचतो. पहिल्या आरएक्स१०० वर १.८ ते ४.९ लिहिलेले होते. म्हणजे झूम पूर्ण ताणला की उजेड सुरुवातीच्या सातव्या हिश्शावर येतो. स्टेजवरच्या कवीचा चेहरा जवळ आणायला जावे आणि नेमका तेव्हाच अंधार व्हावा! पॅनासॉनिकच्या एलएक्स३ (२००८) चा सेन्सर लहान होता, झूमही तोकडा. पण लेन्स २ ते २.८, म्हणजे उजेड निम्म्याखाली जात नव्हता. सोनीनेही २०१४ च्या आरएक्स१०० च्या तिसऱ्या आवृत्तीत झूम आखूड करून दुसरा आकडा २.८ वर आणला. माझ्या मते घरातले प्रसंग टिपणाऱ्याला लांब झूमपेक्षा हाच सौदा फायद्याचा.

एक्स१०० आणि जीआर यांना झूमच नाही. जवळचे चित्र हवे तर आपणच दोन पावले पुढे जायचे. काहींना ही शिक्षा वाटते. गल्लीबोळांत माणसांचे फोटो काढणाऱ्यांना ती शिस्त वाटते. मात्र दूरच्या झाडावरचा पक्षी किंवा मैदानातला खेळाडू हवा असेल, तर या दोघांच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार हवा. एप्रिलच्या दुपारी मागच्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो. डोळा लावून पाहायची खिडकी अशा वेळी कामाची. ती एक्स१०० ला उत्तम आहे. जी१०, जी११ ला आहे, पण चौकटीच्या कडा तीत दिसत नाहीत. एलएक्स३, पहिला आरएक्स१०० आणि जीआर यांना अंगची खिडकीच नाही.

जुना कॅमेरा घेताना त्याची बॅटरी अजून बाजारात मिळते का, ते आधी पाहावे. मग कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो लेन्सचे तोंड लहान करून काढावा. डाग दिसले तर आत धूळ आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ती घरी साफ होत नाही. आणि दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे. झगझगीत काउंटरवरचा फोटो कुठलाही कॅमेरा चांगलाच काढतो. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सोबतच्या माणसाला उभे करा, फ्लॅश बंद ठेवा, एक फोटो झूम न करता आणि एक पूर्ण झूम करून काढा. दोन-तीन कॅमेऱ्यांवर हेच करा, कार्ड घरी न्या आणि चेहऱ्याचा भाग मोठा करून शेजारी शेजारी पाहा.