वेधनद्रवातील ट्रेसर आणि खडकाच्या चुऱ्याची खोलीनिश्चिती

प्रस्तावना

खोल विहिरीचे वेधन सुरू असताना तळाशी कोणता खडक आहे, हे प्रत्यक्ष पाहता येत नाही. अखंड गाभा काढणे खर्चिक व वेळखाऊ असल्याने बहुतांश विहिरींत भूवैज्ञानिकाची मुख्य भिस्त बिटने फोडलेल्या खडकाच्या चुऱ्यावर असते. हा चुरा वेधनद्रवाबरोबर, म्हणजेच कामावरच्या भाषेत ‘मड’बरोबर, वर येतो, हलत्या चाळणीवर तो वेगळा केला जातो आणि नमुन्याच्या पिशवीवर खोली लिहिली जाते. ही खोली मोजलेली नसून अनुमानित असते. हे अनुमान कशावर उभे आहे आणि ट्रेसर, म्हणजे माग दाखवणारे द्रव्य, त्यात कोणती सुधारणा करते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विलंबकाल

मड पंपाने पाइपच्या आतून खाली जातो, बिटमधून बाहेर पडतो आणि पाइप व विहिरीची भिंत यांमधील वलयाकार पोकळीतून चुरा घेऊन वर येतो. तळापासून पृष्ठभागापर्यंतच्या या काळास विलंबकाल म्हणतात. उदाहरणादाखल २१६ मिमी व्यासाची, ३,००० मीटर खोल विहीर आणि १२७ मिमी बाह्य व्यासाचा पाइप घेऊ. वलयाकार पोकळीचे घनफळ सुमारे ७२ घनमीटर होते. पंप मिनिटाला २ घनमीटर मड देत असेल, तर विलंबकाल ३६ मिनिटे येतो.

हे गणित विहीर सर्वत्र सारख्या व्यासाची आहे असे गृहीत धरते. प्रत्यक्षात ठिसूळ थर ढासळतात, विहीर रुंदावते आणि विलंबकाल वाढतो.

कार्बाइड आणि तांदूळ

यावरील जुना व सर्वपरिचित उपाय म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. पाइपचा नवा तुकडा जोडताना कार्बाइडची कागदी पुडी पाइपमध्ये टाकतात. मडमधील पाण्याशी अभिक्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो. भूगर्भातील नैसर्गिक वायूत ॲसिटिलीन सहसा नसल्यामुळे पृष्ठभागावरील वायुमापकात त्याची नोंद स्पष्ट उठून दिसते.

वरील उदाहरणात ही नोंद ५६ मिनिटांनी झाली असे समजू. पाइपमधून खाली जाण्यास सुमारे १४ मिनिटे लागतात. ती वजा करता खरा विलंबकाल ४२ मिनिटे ठरतो. वेधनाचा वेग ताशी ३० मीटर असल्यास सहा मिनिटांच्या फरकाने नमुन्याची खोली ३ मीटरने चुकली असती.

तथापि वायू मडबरोबर वाहतो, खडकाचा तुकडा मात्र मडपेक्षा जड असल्याने मागे रेंगाळतो. म्हणून काही ठिकाणी तांदूळ किंवा डाळीसारखे दाणेही टाकले जात. परंतु तांदळाची घनता ग्रॅनाइटपेक्षा बरीच कमी असल्याने तोही खडकाचा खरा प्रतिनिधी नव्हे. तिरप्या व आडव्या विहिरींत चुरा खालच्या बाजूस साचून राहतो व वेगवेगळ्या खोलींचे तुकडे एकमेकांत मिसळतात. तेथे एकच विलंबकाल सांगणेही अपुरे ठरते.

खुणेचे सूक्ष्म कण

अलीकडील संशोधनाने प्रश्नाची मांडणीच बदलली आहे. भिन्न रासायनिक घडणीचे बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण ठराविक वेळी मडमध्ये सोडले जातात. बिटपाशी नुकत्याच फुटलेल्या खडकाच्या पृष्ठभागावर ते चिकटतात. पुढे चुरा तापवून, निघालेल्या वायूंचे वर्णलेखन व वस्तुमान-पंक्तिदर्शन केल्यास कोणत्या घडणीचा कण चिकटला आहे, ते कळते. सौदी आरामकोच्या संशोधकांनी या दिशेने प्रयोग केले आहेत.

या पद्धतीचे मर्म असे की, येथे फक्त खाली जाण्याचा काळ माहीत असावा लागतो. पाइपचा आतील व्यास निश्चित असल्याने तो अचूक काढता येतो. कण तळाशी पोहोचले त्या क्षणी बिट किती खोलीवर होते, याची नोंद असतेच. तुकडा वर येताना कितीही रेंगाळला, तरी त्याची खूण बदलत नाही. अर्थात, कण वाटेत जुन्या तुकड्यांना वा विहिरीच्या भिंतीस चिकटू न देणे आणि खारट, उष्ण मडमध्ये ते टिकवणे, या कसोट्या त्यास पार कराव्या लागतात.

महाराष्ट्राच्या संदर्भात

१९६७ च्या कोयना भूकंपानंतर या परिसरातील भूकंपांचा अभ्यास सातत्याने होत आला. त्यासाठी सातारा जिल्ह्यातील गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल प्रायोगिक विहिरीचे वेधन २०१७ मध्ये पूर्ण झाले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या बेसॉल्टखाली ग्रॅनाइटी पायाचा खडक लागला. बेसॉल्टचे थर कोठे संपतात, भेगाळलेला पट्टा कोठे आहे, अशा प्रश्नांत चुऱ्याची खोली काही मीटरनी चुकली, तरी त्यावर रचलेला निष्कर्ष डळमळतो.

समारोप

कार्बाइड मडचा प्रवास मोजते. सूक्ष्म कण खडकाच्या तुकड्यावरच त्याचे जन्मस्थान नोंदवतात. हा भेद लक्षात घेता, चुऱ्यावर आधारित प्रत्येक अभ्यासात नमुन्याच्या खोलीबरोबरच ती कोणत्या पद्धतीने ठरवली, हेही नमूद होणे आवश्यक आहे.