झाशीला उतरून पाहा

पंजाब मेल 1912 सालापासून मुंबईहून उत्तरेकडे धावते आहे. पुण्याहून सुटणारी झेलमही त्याच वाटेने जाते. भुसावळ, भोपाळ मागे टाकून दोन्ही गाड्या झाशीला थांबल्या, की डब्यांतली मराठी मंडळी चहासाठी खाली उतरतात. फलाटावरच्या पाटीसमोर फोटो काढतात आणि शिटी झाली की लगबगीने परत चढतात. पुढे आग्रा असतं, दिल्ली असते, वैष्णोदेवी असते. 2021 च्या अखेरीस स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईंचं नाव मिळाल्यापासून त्या फोटोला जरा जास्तच भाव आला आहे. पण शहर तसंच राहून जातं. मुद्दाम उतरणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांची गाडी खजुराहोला जायला बाहेर उभी असते. मग किल्ला दीड तासात उरकला जातो.

खरं तर झाशीला निवांत दोन दिवस द्यावेत, आणि सोबत एखादा चालायला न कंटाळणारा मित्र असावा. मोठा गोतावळा नेला तर अर्धा वेळ जेवण कुठे करायचं यातच जातो.

दोघांनी झाशीला यायची चाल तशी जुनी आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली आपल्या काकांबरोबर, रामभटांबरोबर, घराबाहेर पडले. घरावर कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी खबर होती. महूच्या आसपास पोचतात तोच बंडाची बातमी कानावर आली. तरी दोघे मागे फिरले नाहीत. फिरत फिरत झाशीला आले आणि मार्च 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या वेढ्यात सापडले. या प्रवासाची हकिकत विष्णुभटांनी पुढे पंचवीसेक वर्षांनी लिहून काढली आणि चिंतामण विनायक वैद्यांनी ती 1907 साली छापली. तेच ‘माझा प्रवास’. झाशीला जाताना पिशवीत एकच पुस्तक घ्यायचं असेल तर हेच घ्यावं. भिक्षुकाची नजर असल्यामुळे त्यात लढाईइतकंच लक्ष दक्षिणेवर, जेवणावर, देवळांवर आणि पाण्याच्या हालांवर आहे. राणीकडे दबून न पाहता, शेजारचं माणूस सांगावं तसं सांगणारं दुसरं पुस्तक मिळणं कठीण.

किल्ला सकाळी लवकर चढावा. बुंदेलखंडातलं ऊन दिवाळीनंतरही दुपारी चांगलंच लागतं, आणि ग्रॅनाइटच्या भिंती तापल्या की सावलीला उभं राहणंही नकोसं होतं. ओरछाचे राजे बीरसिंह देव यांनी 1613 च्या सुमारास बंगिरा टेकडीवर हा किल्ला उभा केला. महंमदखान बंगशाच्या स्वारीत बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावून गेले, त्याची परतफेड म्हणून बुंदेलखंडातला मुलूख पेशव्यांकडे आला. 1742 मध्ये नारोशंकर इथले सुभेदार झाले. त्यांनी किल्ला वाढवला. त्या भागाला आजही शंकरगड म्हणतात. किल्ल्याखालचं शहर वसवण्याचं श्रेयही त्यांचंच. त्यासाठी ओरछाची माणसं त्यांनी इकडे आणून बसवली. नाशिककरांना हे नाव वेगळं सांगायला नको. गोदाकाठचं 1747 सालचं नारोशंकराचं देऊळ, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी त्याची घंटा, मालेगावचा भुईकोट, हे सारं याच गृहस्थाचं.

किल्ल्यात शिरताच ‘कडकबिजली’ तोफ दिसते. तिच्याशी जोडलं जाणारं नाव गोलंदाज गुलाम गौस खानाचं. आत त्याची, खुदाबक्षाची आणि मोतीबाईची समाधी एकाच ठिकाणी आहे. मोतीबाई मूळची नाटकशाळेतली नटी. गंगाधररावांना नाटकांचा भारी नाद, आणि त्यांच्या झाशीत नाटकं होत असत. शाळेच्या पुस्तकात गंगाधरराव केवळ ‘राणीचे पती’ म्हणून दोन ओळींत येतात आणि वारतात. नाटकवेड्या मराठी प्रेक्षकाने तरी त्यांना एवढ्यावर सोडू नये.

तटाच्या एका कडेला राणीने घोड्यावरून उडी घेतली ती जागा म्हणून पाटी लावलेली आहे. तिथे गर्दी हटत नाही. खाली वाकून पाहणारा प्रत्येक जण आधी गप्प होतो, मग सोबत्याकडे पाहतो. एवढ्या उंचीवरून घोडा जिवंत राहील का, यावर वाद घालायला मित्र हवा तो इथेच. इतिहासाला इतकं पक्कं ठाऊक आहे, की 4 एप्रिल 1858 च्या रात्री राणी निवडक स्वारांसह झाशीतून निसटली आणि काळपीच्या वाटेला लागली. ती शहराच्या भांडेरी दरवाजातून बाहेर पडली असं चरित्रकार सांगतात. त्याच्या तीनच दिवस आधी, 1 एप्रिलला, तिच्या मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा रोजने बेतवेच्या काठी पराभव केला होता. तात्या मूळचे येवल्याचे. या भागात नाशिक जिल्हा पाठ सोडत नाही.

किल्ल्याची पुढची गोष्ट गाइड सहसा सांगत नाहीत. 1861 मध्ये इंग्रजांनी झाशी शिंद्यांना देऊन टाकली आणि 1886 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतली. म्हणजे राणीनंतरही पंचवीस वर्षं इथे मराठी सत्ता होती, पण तिचं कोणी नाव काढत नाही. ते साहजिकही आहे.

दुपारनंतरचा वेळ शहरासाठी. इथे ई-रिक्षा सोडून द्यावी. जुन्या परकोटाचे दरवाजे विचारत विचारत चाललं तर निम्मं शहर पायाखालून जातं: ओरछा, दतिया, उन्नाव, सैंयर, सागर, लक्ष्मी. त्या मालिकेतच खंडेराव दरवाजाही येतो आणि जेजुरीची आठवण होते. बाजाराच्या गर्दीत राणीमहाल आहे. बाहेरून दुमजली, बेताचा. आत चौक आणि दरबारदालनाच्या छतावर रंगवलेली फुलंपाखरं. खालच्या दालनांत या परिसरात सापडलेली जुनी दगडी शिल्पं मांडली आहेत, आणि ती पाहणारं बहुधा कोणी नसतं. संस्थान खालसा झाल्यावर किल्ला सोडून राणी इथे राहायला आली. त्याच वर्षी, 1854 मध्ये, जॉन लँग नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील तिच्या बोलावण्यावरून झाशीला आला होता. ती पडद्याआडून बोलत होती; दत्तक दामोदररावाने मध्येच पडदा बाजूला सारला आणि वकीलसाहेबांना अशील क्षणभर दिसलं. तिच्या बाजूने कज्जा चालवून काही हाती लागलं नाही, पण लँगने लिहून ठेवलेली ही भेट मात्र राहिली.

याच गल्ल्यांतून विष्णुभट जीव मुठीत धरून लपत होते. 3 एप्रिलला फौज शहरात घुसली आणि कत्तल, लूट, जाळपोळ सुरू झाली. हलवाईपुरा पेटला. संस्थानच्या ग्रंथसंग्रहाचीही वाट लागली. जमवलेली दक्षिणा गेलेल्या माणसाने पोथ्यांसाठीही हळहळावं, हे वाचताना फार लागतं. पुढे काळपीच्या रस्त्यावर एका विहिरीपाशी राणी त्यांना पुन्हा भेटली. पठाणी वेष, अंगभर धूळ, घशाला कोरड. पाणी शेंदून द्यायला विष्णुभट पुढे झाले तर तिने विद्वान ब्राह्मणाला ते काम करू दिलं नाही. स्वतः पोहरा ओढला आणि ओंजळीने पाणी प्यायली. ‘माझा प्रवास’मधलं सगळ्यांत आठवणीत राहणारं पान हेच.

संध्याकाळी लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मीतालावर जावं. तिथलं महालक्ष्मीचं देऊळ झाशीच्या राजघराण्याच्या, म्हणजे नेवाळकरांच्या, कुलस्वामिनीचं. अठराव्या शतकात रघुनाथराव नेवाळकरांनी ते बांधलं, आणि राणी नेमाने दर्शनाला येत असे. जवळच गंगाधररावांची छत्री आहे. 21 नोव्हेंबर 1853 ला ते वारले, आणि ती राणीने बांधवून घेतली. गणेश मंदिर मात्र गावात आहे. 1842 मध्ये मनकर्णिका तांबे तिथे बोहल्यावर चढली आणि लक्ष्मीबाई नेवाळकर झाली.

दुसरा दिवस ओरछाचा. अंतर फार तर सोळा-अठरा किलोमीटर, पण राज्य बदलतं आणि मध्य प्रदेश लागतो. जहांगीर महालाच्या जाळ्या, बेतवेकाठच्या उंच छत्र्या, आणि राम जिथे देव म्हणून नाही तर राजा म्हणून पुजला जातो आणि त्याला पोलिसांची सलामी मिळते ते रामराजा मंदिर. ओरछाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तेव्हा इथे लांबण लावत नाही. एक दिवस जास्तीचा असेल तर दतियाचा सातमजली महाल पाहावा. तोही बीरसिंह देवांचाच. हॉकीप्रेमींनी परत येताना झाशीतल्या टेकडीवरचा ध्यानचंदांचा भव्य पुतळा चुकवू नये. मेजर याच गावचे.

परतीच्या गाडीत वेळ आणि उमेद शिल्लक असेल त्यांनी जळगावला उतरावं. तिथून धुळ्याच्या रस्त्यावर पारोळा आहे. झाशीची सुभेदारी मिळण्याआधीपासून नेवाळकरांची जहागीर तिथे होती. हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 साली बांधलेला तिथला भुईकोट किल्ला अजून गावाच्या मधोमध उभा आहे, आणि बसस्थानकावरून चालत गाठता येतो.