सत्तेची घरं, लेखांक 7 : निनोय अक्विनो, कोठडीत घडलेला विरोधक

मागच्या लेखांकात फर्डिनांड आणि इमेल्डा मार्कोस यांची चढती कमान पाहिली. आता त्यांच्यासमोर उभा राहिलेला माणूस पाहू. बेनिग्नो अक्विनो ज्युनियर हे त्यांचं पूर्ण नाव, पण सगळा फिलिपिन्स त्यांना निनोय म्हणून ओळखतो. त्यांच्यावरचे बहुतेक लेख 21 ऑगस्ट 1983 रोजी मनिला विमानतळावर झालेल्या खुनापासून सुरू होतात. माझ्या मते त्यांची खरी गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीची, लष्कराच्या कोठडीतली आहे. तिथपर्यंत ते एका मोठ्या घराण्यातले हुशार, चपळ, महत्त्वाकांक्षी राजकारणी होते. विरोधी नेता घडला तो त्या कोठडीत.

घराणं टार्लाक प्रांतातलं, म्हणजे मध्य लुझॉनच्या भात आणि उसाच्या पट्ट्यातलं. आजोबा सर्व्हिलानो अक्विनो स्पेन आणि अमेरिकेविरुद्धच्या लढ्यात सेनापती होते. वडील बेनिग्नो सीनियर जपानी अमलाखालच्या सरकारात राष्ट्रीय सभेचे सभापती झाले. युद्ध संपल्यावर त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला भरला गेला, आणि तो निकाली निघण्यापूर्वीच, 1947 च्या डिसेंबरमध्ये, हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. निनोय तेव्हा 15 वर्षांचे होते. आजोबांच्या नावाला मान आणि वडिलांच्या नावाला डाग, अशी दुहेरी वारसदारी त्यांच्याकडे आली. पुढची त्यांची विलक्षण घाई पाहिली की मला नेहमी या डागाची आठवण होते.

घाई म्हणजे किती? 17 व्या वर्षी 'मनिला टाइम्स'चा वार्ताहर म्हणून ते कोरियाच्या युद्धावर गेले. 1954 मध्ये राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांचा दूत म्हणून हुक बंडखोरांचे नेते लुइस तारुक यांच्याशी बोलणी करून त्यांना शरण आणलं. (हेच ते मॅगसेसे, ज्यांच्या नावाचा पुरस्कार 1958 मध्ये पहिल्यांदा देण्यात आला तेव्हा मानकऱ्यांत आपले विनोबा होते.) हुकांचं बंड मुळात मध्य लुझॉनच्या कुळांचं होतं. तारुक त्यानंतर 1968 पर्यंत तुरुंगात राहिले.

1954 मध्येच निनोय यांचं लग्न कोरासोन ऊर्फ कोरी कोहुआंगको यांच्याशी झालं. टार्लाकमधलं हे दुसरं बडं घराणं, पैशाने अक्विनोंच्या कितीतरी पुढे. काही वर्षांत सासऱ्यांनी हॅसिएन्डा लुइसिता ही 6,000 हेक्टरांहून मोठी उसाची जहागीर सरकारी पाठबळाच्या कर्जातून विकत घेतली आणि निनोय तिचा कारभार पाहू लागले. जमीन पुढे कसणाऱ्यांना वाटायची, अशी अट त्या कर्जाला जोडलेली होती. ही अट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

22 व्या वर्षी कॉन्सेप्सिऑन या आपल्या गावचे नगराध्यक्ष, 28 व्या वर्षी टार्लाकचे गव्हर्नर आणि 1967 मध्ये, 34 व्या वर्षी, देशाचे सिनेटर. सिनेटसाठी वयाची अट 35 ची. मतदानानंतर काही दिवसांतच त्यांना ती पुरी झाली. त्यांच्या पात्रतेला आव्हान दिलं गेलं, पण जागा टिकली. पक्ष ही तेव्हा फिलिपिन्समध्ये निष्ठेची बाब नव्हती. अक्विनो नॅसिओनालिस्टा पक्षातून लिबरल पक्षात आले, मार्कोस लिबरलमधून नॅसिओनालिस्टात गेले. दोघंही फिलिपिन्स विद्यापीठातल्या एकाच विद्यार्थी मंडळाचे सभासद. म्हणजे सुरुवातीला तरी हा सामना एकाच वर्तुळातल्या दोन खेळाडूंचा होता.

सिनेटमध्ये मात्र त्यांनी राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांना सुखाने बसू दिलं नाही. मार्च 1968 मध्ये कोरेहिदोर बेटावर गुप्त लष्करी प्रशिक्षणासाठी आणलेल्या मुस्लीम तरुणांना गोळ्या घातल्याचं प्रकरण बाहेर आलं. मलेशियाच्या ताब्यातल्या साबामध्ये घुसवण्यासाठी ही तुकडी तयार होत होती. अक्विनो यांनी त्यावर सभागृहात सविस्तर भाषण केलं. पुढच्या वर्षी इमेल्डा यांच्या खर्चिक सांस्कृतिक केंद्रावर ते तुटून पडले. लोक उघड्यावर राहत असताना हा दिमाख कुणासाठी, असा त्यांचा सवाल होता. मार्कोस यांची घटनेने ठरवून दिलेली दुसरी आणि शेवटची मुदत 1973 च्या अखेरीस संपणार होती, आणि त्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष म्हणून अक्विनो यांचंच नाव सगळ्यांत पुढे होतं.

ती निवडणूक झालीच नाही. सप्टेंबर 1972 मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. पहिल्या काही तासांत ज्यांना उचलण्यात आलं, त्यांत अक्विनो होते. मनिलाच्या हिल्टन हॉटेलात जकात कायद्यावरच्या संसदीय समितीची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली होती, तिथून त्यांना नेलं.

इथे थोडं थांबायला हवं. आधी त्यांना फोर्ट बोनिफासिओमध्ये ठेवलं होतं. मार्च 1973 मध्ये त्यांना आणि सिनेटर होसे दियोक्नो यांना डोळे बांधून हेलिकॉप्टरने नुएवा एसिहा प्रांतातल्या लाउर इथल्या लष्करी तळावर नेण्यात आलं. तिथे महिनाभर एकांतवास. चष्मा काढून घेतला, घड्याळ काढून घेतलं, लग्नाची अंगठीसुद्धा. चष्म्याविना डोकं फुटायची वेळ यायची. विषाच्या भीतीने ते जेवणाला हात लावत नसत. इकडे मनिलात त्यांचं सामान काहीही न सांगता घरी परत पाठवलं गेलं. नवऱ्याचा चष्मा आणि अंगठी हातात पडल्यावर बायकोने काय समजायचं? कोरी यांना अखेर भेट मिळाली तेव्हा निनोय इतके वाळले होते की पँट हाताने धरून चालत होते.

याच दिवसांत ते देवाकडे वळले, असं त्यांनी पुढे एका मित्राला लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे. श्रद्धेचा भाग मी वाचकांवर सोडतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे : आडनाव, सासऱ्यांची जहागीर, वक्तृत्व, ओळखीपाळखी, आजवर ज्याच्या बळावर ते वर चढले त्यातलं काहीच त्या खोलीत उपयोगाचं नव्हतं. उरला होता फक्त नकार.

तो त्यांनी ऑगस्ट 1973 मध्ये दिला. खून, बेकायदा शस्त्रं आणि राज्य उलथवण्याचा कट असे आरोप ठेवून त्यांना लष्करी आयोगापुढे उभं केलं गेलं. आरोप करणारा, वकील नेमणारा आणि न्यायाधीश नेमणारा एकच माणूस असेल तर त्या खटल्यात मी भाग घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. नेमून दिलेला बचावही त्यांनी नाकारला. निष्णात वकिलांच्या मदतीने साक्षीदारांची उलटतपासणी करता आली असती, पेपरांत चार ओळी आल्या असत्या. पण बचाव केला की न्यायालयाला मान्यता मिळते, हे त्यांनी ओळखलं. 1975 मध्ये त्यांनी 40 दिवसांचं उपोषण केलं. 25 नोव्हेंबर 1977 रोजी आयोगाने गोळ्या घालून मृत्युदंडाची शिक्षा सुनावली. ती अमलात आली नाही. बाहेरचं जग पाहत होतं.

मग 1978 ची निवडणूक. मार्कोस यांनी हंगामी राष्ट्रीय सभेसाठी मतदान जाहीर केलं, आणि अक्विनो कोठडीतूनच उभे राहिले. मनिला महानगरात 21 जागा. सत्ताधाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव इमेल्डा यांचं. लिबरल पक्षातल्या अनेक जुन्या सहकाऱ्यांचा बहिष्काराचा आग्रह होता. त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं, कारण निकाल काय लागणार हे सर्वांना दिसत होतं. तरी अक्विनो यांनी 'लाकास नग बायान' नावाची आघाडी उभी केली. प्रचाराला त्यांची सात वर्षांची धाकटी लेकसुद्धा व्यासपीठावर गेली. त्यांना स्वतःला दूरचित्रवाणीवर एक मुलाखत देऊ दिली गेली, आणि साडेपाच वर्षं न दिसलेला माणूस लोकांनी बोलताना पाहिला.

मतदानाच्या आदल्या रात्री, 6 एप्रिलला, मनिलाच्या रस्त्यांवर गाड्यांचे भोंगे वाजू लागले. लोक घराबाहेर येऊन भांडी बडवू लागले, चर्चच्या घंटा वाजल्या. दुसऱ्या दिवशी आघाडीचे 21 च्या 21 उमेदवार हरल्याचं जाहीर झालं. पण लष्करी कायद्याखाली साडेपाच वर्षं दबून राहिलेल्या शहराला आपण किती जण आहोत हे त्या रात्री कळलं. अक्विनो यांच्या सगळ्या विजयांपेक्षा मी हा पराभव मोठा मानतो.

पुढचं थोडक्यात. 1980 मध्ये हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला जायची परवानगी आणि बॉस्टनजवळ तीन वर्षांचा विजनवास. हार्वर्डमध्ये अभ्यासवृत्ती होती, मुलं शाळेत रमली होती. तिथेच राहिले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण मार्कोस आजारी पडल्याच्या बातम्या येत होत्या आणि देशात दुफळी माजायची चिन्हं होती. मार्कोस यांच्याशी बोलून शांततेने निवडणुका घडवता येतील, असं त्यांना वाटत होतं. परतीसाठी त्यांच्याजवळ एक पासपोर्ट मार्सियाल बोनिफासिओ या नावाचा होता : पहिला शब्द लष्करी कायद्यावरून, दुसरा त्यांच्या तुरुंगावरून. तैपेईहून निघालेल्या विमानात त्यांनी सोबतच्या पत्रकारांना कॅमेरे तयार ठेवायला सांगितलं, कारण जे व्हायचं ते तीन-चार मिनिटांत होऊन जाईल. मनिलात सैनिक विमानात चढले, त्यांना शिडीवरून खाली घेऊन गेले आणि गोळ्या झाडल्या गेल्या. रोलांदो गाल्मान नावाचा दुसरा एक माणूसही तिथेच मारला गेला. खुनी तोच, असं सरकारने सांगितलं.

आई डोन्या अरोरा यांनी लेकाचं शव धुवून-सजवून ठेवू दिलं नाही. रक्ताळलेल्या कपड्यांतच लोकांनी त्यांचं दर्शन घेतलं. 31 ऑगस्टची अंत्ययात्रा सकाळपासून रात्रीपर्यंत चालली, लाखो लोक पावसात उभे होते. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी 1986 मध्ये, मार्कोस देश सोडून गेले आणि कोरी राष्ट्राध्यक्ष झाल्या. 2010 मध्ये मुलगा, बेनिग्नो तिसरा. 2022 मध्ये मार्कोस यांचा मुलगा.

हा क्रम मला अस्वस्थ करतो. 1987 च्या घटनेत राजकीय घराण्यांना प्रतिबंध करायचं तत्त्व घातलं आहे, पण घराण्याची व्याख्या कायद्यावर सोडली, आणि तो कायदा दशकानुदशकं झाला नाही. निनोय यांनी कोठडीत जे मिळवलं ते वारशाने देता येण्यासारखं नव्हतं. आडनाव तेवढं देता आलं. 1978 च्या त्या रात्री भांडी बडवणाऱ्यांतून स्वतःचं नेतृत्व उभं राहायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. तसं पुरेसं झालं नाही, याचा दोष एकट्या अक्विनो घराण्याचा नाही, पण त्याचाही आहे.

खुनाच्या खटल्यात लष्करप्रमुख फाबियान व्हेर यांच्यासह सर्व आरोपी डिसेंबर 1985 मध्ये सुटले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरवला, नव्याने खटला चालला आणि 1990 मध्ये 16 लष्करी जणांना जन्मठेप झाली. हुकूम कुणी दिला, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.

पुढच्या आठवड्यात : कोरी अक्विनो यांची राजवट, आणि लुइसिताच्या कर्जातल्या त्या अटीचं काय झालं.