मुलांचा हस्तव्यवसाय व विक्रीचा हिशेब

१९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार मांडला. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने या योजनेतील एक धोकाही दाखवून दिला : उत्पन्नावर भर देण्याच्या नादात शिक्षण मागे पडण्याचा. मुलांनी केलेल्या वस्तू विकताना तो इशारा आजही ध्यानी धरावयास हवा.

तिसरीच्या मुलांना कागदी पिशव्या सहज करता येतात. जुनी वर्तमानपत्रे, पट्टी व गव्हाच्या पिठाची खळ एवढे साहित्य पुरते. मुलांचे हात तोंडाकडे जातात, म्हणून खळीत मोरचूद घालू नये. छपाईची शाई अन्नास लागते. यास्तव या पिशव्या खाद्यपदार्थांसाठी देऊ नयेत, फुले वा वह्या यांसाठी द्याव्यात.

घडी घालताना मूल निम्मे व पाव शिकते. विकताना नफातोटा शिकते. समजा, २० पिशव्यांस १० रुपये खर्च आला आणि प्रत्येकी १ रुपयाप्रमाणे १७ खपल्या, तर शिल्लक ७ रुपये. उरलेल्या ३ का खपल्या नाहीत, हे मुलांनीच शोधावे. घडी वाकडी होती, की खळ कमी पडली? शिक्षकांनी त्या परस्पर नीट करून ठेवल्यास पिशव्या खपतील, पण धडा बुडेल.

जमाखर्च फळ्यावर मांडावा. शिलकेचा विनियोग मुलांनी मिळून ठरवावा. मागणी वाढली म्हणून वाचन-लेखनाचा तास पिशव्यांना दिला जाऊ लागला, की शाळेचा कारखाना होऊ लागला असे समजावे.