बळ आलं कुठून?

१९३२ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने ‘माया मच्छिंद्र’ काढला. त्यात दुर्गा खोटे राणी किलोतळा झाल्या होत्या. पुरुषांना थारा नसलेल्या राज्याची ही राणी, आणि तिच्या जवळ पाळलेला जिवंत चित्ता. कोल्हापूरकरांना चित्त्याचं अप्रूप नव्हतं. संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात. नवी होती ती बाई. अमक्याची बायको, तमक्याची आई अशी ओळख न सांगता ती सिंहासनावर बसली होती.

आता अचाट बळाच्या नायिकांच्या मालिका मोबाइलवरही बघता येतात. त्यांचा पहिला भाग मला नेहमी महत्त्वाचा वाटतो, कारण ‘हिच्यात एवढं बळ आलं कुठून?’ या प्रश्नाचं उत्तर लेखकाला त्यातच द्यावं लागतं. पुरुष नायकालाही जन्मकथा असते. पण त्याच्या बळाचा कुणी जाब विचारत नाही, तिच्या बळाचा मात्र खुलासा मागितला जातो. लेखक तो खुलासा कसा करतो, त्यावरून पुढच्या साऱ्या मालिकेची जात कळते.

या प्रकाराचा नमुना ठरलेला पहिला भाग अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ७ नोव्हेंबर १९७५ रोजी दाखवला गेला. मालिका ‘वंडर वुमन’, नायिका लिंडा कार्टर. विल्यम मार्स्टन यांनी १९४१ मध्ये चित्रकथेसाठी निर्माण केलेली ही व्यक्तिरेखा. मालिकेचा काळ दुसऱ्या महायुद्धाचा. समुद्रात एक बेट, तिथे फक्त स्त्रिया, त्यांच्यावर राणीचं राज्य. एक अमेरिकी वैमानिक त्या बेटावर येऊन पडतो. त्याला परत पोचवायला कोण जाणार, हे ठरवण्यासाठी स्पर्धा होते. राणी आपल्या लेकीला भाग घ्यायची मनाई करते; लेक डायना सोनेरी केसांचा टोप घालून वेषांतराने उतरते आणि जिंकते. शेवटची परीक्षा असते ती मनगटातल्या कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या झेलण्याची. मग आईच तिला पोशाख देते, बेटाबाहेरही बळ टिकवणारा कमरपट्टा देते, समोरच्याला खरं बोलायला लावणारा दोर देते आणि निरोप देते. गिरकी घेऊन रूप बदलण्याची युक्ती खुद्द लिंडा कार्टर यांनी सुचवली होती, कारण त्या नृत्य शिकलेल्या होत्या.

हे बेट मराठी माणसाला अनोळखी वाटायचं कारण नाही. नवनाथ भक्तिसाराचं पारायण ज्या घरात होतं, तिथल्या पोरांनाही स्त्रीराज्य ठाऊक असतं. तिथेही एक पुरुष येऊन पडतो, तो मच्छिंद्रनाथ. आणि त्याला सोडवायला शिष्य गोरख येतो. प्रभातच्या चित्रपटात गोविंदराव टेंबे मच्छिंद्र होते, तर मास्टर विनायक गोरख. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं. चित्रपट त्याच्या चमत्कारदृश्यांसाठी गाजला. त्या काळी पार्श्वगायन नव्हतं, नट-नटी कॅमेऱ्यासमोर स्वतः गात, आणि मराठीबरोबर हिंदी आवृत्तीही निघे, म्हणजे तोच प्रसंग दोन भाषांत उभा करायचा.

पण किलोतळेच्या बळाचा खुलासा मला रुचत नाही. गुरूने शिष्याला दाखवलेली ती माया होती, असं शेवटी कळतं. एवढं राज्य, एवढा दरारा, आणि तो खराच नव्हता! अमेरिकी राणीची मुलगी निदान बेटाबाहेर पडून जगात काम करू लागते. आमच्या राणीचं राज्य चित्रपटाबरोबरच संपतं.

पडद्याबाहेरची किलोतळा मात्र पुरती खरी होती. दुर्गाबाई मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या. सासरी पैशाची अडचण आली आणि पदरी दोन मुलगे, तेव्हा त्या चित्रपटांकडे वळल्या. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मधल्या छोट्याशा कामानंतर समाजाने त्यांना नावं ठेवली. कुलीन घरातली बाई सिनेमात, हेच लोकांना सोसवत नव्हतं. शांतारामांनी त्यांना कोल्हापूरला आणलं, ‘अयोध्येचा राजा’त तारामती दिली, आणि त्याच वर्षी किलोतळा. वर्षभरात घरंदाज बाई पडद्यावरची राणी झाली. या बाईच्या बळाची कथा किलोतळेच्या कथेपेक्षा मोठी आहे, असं मी मानतो.

पुढे प्रभात पुण्याला गेली आणि १९३६ मध्ये दुर्गाबाई ‘अमरज्योती’त समुद्री चाच्यांच्या सरदारीण झाल्या, नाव सौदामिनी. इथे खुलासा बदलला. ना वरदान, ना माया. राज्याचा कायदा तिला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती तलवार उचलते. शांताराम चार वर्षांत केवढं अंतर चालून गेले! हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

अलीकडची एक सुरुवात मला आवडली ती ‘मिस मार्व्हल’ची, जून २०२२ मधली. न्यू जर्सीतली शाळकरी पोर कमला खान. तिच्या आजीकडून आलेल्या सामानात एक जुनी बांगडी निघते, आणि ती हातात चढवली की बळ जागं होतं. आपल्याकडे गल्लीत भांडण पेटलं की पहिला टोमणा असतो, ‘हातात बांगड्या भरल्यात काय?’ तिकडे डायनाची कडी गोळ्या अडवतात आणि कमलाची बांगडी उजेड फेकते. कोल्हापूरच्या शाळकरी मुलींनी हा भाग जरूर बघावा.

तरी कोल्हापूरला वरदानाच्या बांगडीची गरज नाही. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेल्या अश्वारूढ ताराराणी आहेत. हंबीरराव मोहित्यांची ही लेक. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे पती राजाराम महाराज गेले, तेव्हा ताराराणी पंचविशीच्या, मुलगा चारेक वर्षांचा. औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात तळ ठोकून एकामागून एक किल्ले घेत होता: सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड. ताराराणींनी मुलाला गादीवर बसवलं, कारभार हाती घेतला आणि मराठी फौजा नर्मदेपलीकडे माळव्यात, गुजरातेत धाडल्या. गड सोडताना शक्य तिथे पैसे घेऊन सोडायचा आणि बादशहाची पाठ फिरली की परत घ्यायचा, असा हा झगडा सात वर्षं चालला. मुघलांचा इतिहासकार खाफीखान शत्रुपक्षाचा असूनही त्यांच्या बुद्धीची आणि कारभाराची तारीफ करून गेला. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरजवळ मेला. नंतर ताराराणींनी पन्हाळ्याला वेगळी गादी उभी केली. तीच पुढे करवीरची. आपल्याच घरात त्यांना कैद सोसावी लागली, तो भाग कडू आहे, पण झाकू नये.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सोनी मराठीवर त्यांच्यावर ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’ ही मालिका आली, स्वरदा ठिगळे यांची भूमिका. पुन्हा कुणी त्यांच्यावर मालिका करणार असेल तर माझी एक मागणी आहे: पहिला भाग बालपणापासून नको, १७०२ च्या पावसाळ्यात उघडावा. विशाळगड बादशहाने पैसे मोजून मिळवलेला आहे, आणि त्याची अवाढव्य फौज पन्हाळ्याकडे परतताना चिखलात, ओढ्यांच्या पुरात अडकून पडली आहे, उंट-बैल मरताहेत. दुसरीकडे एक तरुण विधवा राणी खलिते सोडते आहे, पुढचा हल्ला कुठे करायचा ते ठरवते आहे. हे चित्रित करायला मोरेवाडीच्या चित्रनगरीपासून विशाळगड मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे, आणि जुलैत तिथला पाऊस आजही तसाच कोसळतो.